दसऱ्याच्या दिवसाची रेघ

शेवंतीनं शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगितली. "मी गोड खावक नाय." नवऱ्याला सांगितली, लेकीला सांगितली, दवाखान्यातल्या नर्सबाईंना त्यांनी न विचारताच सांगितली. कुणी तिच्याशी वाद घातला नाही आणि कुणाचा विश्वासही बसला नाही. मधुमेहाची बाई दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत असं सांगू लागली, की ऐकणारा हसून मान हलवतो. तशी सगळ्यांनी हलवली. पहिल्यांदा हलवली ती तिच्या नवऱ्यानं, कृष्णनाथानं.

कोरगावच्या ह्या कृष्णनाथाला पेडण्याच्या बाजारात सगळे 'थंडीवालो' म्हणत. तरुणपणी तो वास्कोला बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होता. होड्या समुद्रात जाण्याआधी बर्फाच्या लाद्या घेत आणि परत येताना त्याच बर्फात मासळी आणत. बर्फ कमी पडला तर धक्क्यावर काय वास सुटतो, ते त्यानं पाहिलं होतं. त्या वासातून तो एक गोष्ट शिकला आणि जन्मभर धरून बसला. आपल्या मुलखात जे नासतं ते उष्णतेनं. थंडी राखते. थंडीनं कधी कुणाचं वाईट झालेलं नाही. देवाचं नाव घ्यावं तसं तो हे सांगत असे.

मराठी की कोंकणी ह्यावरून बाजारातली माणसं एकमेकांच्या दुकानाची पायरी चढेनाशी झाली होती, त्याच्या पुढच्याच वर्षी गोवा राज्य झालं. त्या वर्षी कृष्णनाथ वास्को सोडून गावी आला आणि सखारामशेटच्या दुकानात लागला. सखारामशेटचं तेव्हा साधं भुसारी दुकान होतं. कडधान्याची पोती, खोबरेल तेलाचा डबा आणि कोपऱ्यात थंड बाटल्यांचा एक जुना फ्रीज. त्या एका फ्रीजसाठी शेटनी माणूस ठेवला म्हणून बाजार हसला. शेट म्हणाले, "हसा हसा. आज एक फ्रीज आसा. फाल्यां धा आसतले."

तसं झालंही. पंचवीस वर्षांत दुकान दोन दालनांचं झालं. आइस्क्रीम आणि मासळीचे चार मोठे आडवे फ्रीजर आले, दूध-दह्याचं काचेच्या दारांचं उभं कपाट आलं, वर एसी आले आणि दिव्यांच्या रांगा आल्या. गिऱ्हाईक हातात टोपली घेऊन स्वतः माल काढू लागलं. हे सगळं थंड ठेवायचं आणि विजेचा मीटरही ताब्यात ठेवायचा, हे काम एकट्या कृष्णनाथाचं.

त्याची रीत त्याची स्वतःची होती. सकाळी सगळी यंत्रं तो एकदम चालू करत नसे. एक सुरू करायचं, त्याची घरघर बसली की दुसरं. फ्रीजरच्या पाठीला कान लावून तो सांगे, ह्याची जाळी धुळीनं भरली आहे, त्याच्या दाराचं रबर सैल झालं आहे. दुपारी साडेबारा वाजले की एसी बंद. "सांभाळून ठेवलेली थंडी अर्धो तास पुरता," तो म्हणे. बरोबर एकला दुकानाचं शटर खाली. पेडण्यात एक ते चार दुकान उघडं ठेवायचं नाही, जेवायचं आणि आडवं व्हायचं. ही रीत शेटच्या आजोबांच्याही आधीची.

शटर ओढण्याआधी तो एक काम करी. चारही फ्रीजरवर वाकळी पांघरी.

त्या वाकळी शेवंतीनं शिवलेल्या. जुनी लुगडी, शेटच्या घरच्या विरलेल्या चादरी आणि मध्ये पोत्याचा एक थर. टाके इतके जवळ, की मुंगी शिरणार नाही. आत सकाळपासून भरलेली थंडी वाकळीखाली तीन तास तशीच राही आणि यंत्राला फारसं चालावं लागत नसे. बाजारात थट्टा व्हायची. समोरचा पोदेर पावाची टोपली घेऊन जाताना ओरडे, "कृष्णनाथा, तुझ्या फ्रीजराक हींव भरला काय रे? काढो दी जरा!" कृष्णनाथ गंभीरपणे म्हणे, "काढो नको. घरकान्नीन पांघरूण दिलां."

ही घरकारीण, शेवंती, बोलायला थोडी आणि हाताला भारी बाई. काजूच्या दिवसांत डोंगरावर, एरवी मिरची-वांग्याच्या वाफ्यात. संध्याकाळी अबोलीचे वळेसर गुंफून ती देवळापाशी विकायला पाठवी. तिची गाठ अशी की फुलं सुकून पडतील पण गाठ सुटणार नाही. चाळिशीत तिला साखरेचा आजार झाला, आणि पुढं गोळ्या पुरेनात म्हणून इन्सुलिन आलं. रोज दोन वेळा स्वतःच पोटाला टोचून घ्यायची. गोड तिनं त्याच दिवशी सोडलं. चहासुद्धा कोरा आणि बिनसाखरेचा.

इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. कोरगावात पावसाळ्यात वीज गेली की कधी दोन-दोन दिवस येत नसे. एकदा घरच्या फ्रीजमधली बाटली गरम होऊन वाया गेली, तेव्हापासून कृष्णनाथानं शेवंतीच्या बाटल्या दुकानात आणून ठेवल्या. दुधाच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर, मागे, एका स्टीलच्या डब्यात. दुकानाला जनरेटर होता. एक बाटली बारा-तेरा दिवस पुरे. ती संपत आली की कृष्णनाथ नवी बाटली थर्मासमध्ये बर्फाच्या तुकड्यांत घालून मोटारसायकलीवरून घरी नेई. नवऱ्यानं बायकोसाठी काय काय नेलं नसेल. ह्यानं वीस वर्षं थंडी नेली.

मग दुकानात पेटी आली.

ती आणली राजेशनं. राजेश गडहिंग्लजकडचा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात इंजिनियर होता. दुकानातली सगळी यंत्रं स्वतः सांभाळणारी पेटी तिथं बनत असे. प्रत्येक कपाटात एक बारीक वायर सोडायची. वायरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी धातूची नळी. ती नळी आतली थंडी मोजते आणि पेटीला सांगते. पेटी त्याप्रमाणे यंत्र चालू किंवा बंद करते, दोन यंत्रं एकदम सुरू होऊ देत नाही, बाहेर ऊन असेल तर दारापाशी दिवे मंद करते. काही बिघडलं तर मोबाईलवर संदेश पाठवते.

कृष्णनाथानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी मी?"

"तुम्ही हायसाच की काका," राजेश म्हणाला. "पेटीला कान कुठं हाईत?"

पण कृष्णनाथाला ते लागलं. त्यानं शेटना सांगितलं, एक महिना मी चालवतो, एक महिना पेटी चालवू दे, आणि युनिट बघा. तसं झालं. पहिल्या फेरीत पेटी हरली. कारण सोपं होतं. पेटीला दुपार ठाऊक नव्हती. दुकान दहा ते आठ उघडं, असं तिला सांगून ठेवलेलं. एक ते चार रिकाम्या, बंद दुकानात एसी चालत होते, दिवे जळत होते, आणि वाकळ घालायला कुणी सांगितलं नव्हतं.

राजेश हरला तरी खुशीत होता. खाली मांडी घालून बसला आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही सांगा, मी लिवून घेतो."

आठ दिवस कृष्णनाथ सांगत होता आणि राजेश ते पेटीत भरत होता. साडेबाराला एसी बंद. एक ते चार दिवे नाहीत. फ्रीजरचं दव वितळवायचं ते दुपारीच. सकाळी कुठल्या यंत्रामागून कुठलं. वाकळी मात्र हातानंच. पुढच्या महिन्यात युनिट एक तृतीयांशानं उतरले. शेटनी दुकानात पेढे वाटले. कृष्णनाथानं एक पेढा रुमालात बांधून घरी नेला आणि शेवंतीला नुसता दाखवून आपणच खाल्ला. ती हसून म्हणाली, "वासान पोट भरला माझा."

त्या दिवसापासून पेटी परकी राहिली नाही. पेटीत आपलं डोकं आहे, असं कृष्णनाथ अभिमानानं सांगू लागला, आणि ते खरंही होतं. वायरीच्या टोकाच्या नळीला राजेश 'प्रोब' म्हणे, कृष्णनाथ 'जीभ' म्हणे. जीभ थंडी चाखते आणि पेटीला सांगते, असं तो गिऱ्हाइकांना समजावून देई. कुठून संदेश आला की मोबाईल डोळ्यांशी धरून हसे. इंग्रजी अक्षरं त्याला नीट लागत नसत, पण कुठल्या कपाटाचा आकडा आहे ते कळे. तेवढं पुरे होतं.

पेटी आल्यानंतरचा तो पहिला दसरा.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी कोयता मांडतो, सुतार रंधा मांडतो, ड्रायव्हर गाडी धुतो. दुकानाच्या कोपऱ्यात, देवाच्या तसबिरीखाली कृष्णनाथ दर वर्षी पाट मांडत असे. त्यावर पाने, पक्कड, टेस्टर, गॅसचा दाब बघायचं घड्याळ. गंध, अक्षता, झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली की दसऱ्याचा दिवस उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांचा तो एकच विसाव्याचा दिवस.

त्या वर्षी पाटावर सगळं मांडून झालं आणि कृष्णनाथ थांबला. वर्षभर सगळ्यांत जास्त राबली ती पेटी, आणि तीच पाटावर नाही! पेटी भिंतीला ठोकलेली. तिला त्यानं जागेवरच फूल वाहिलं. पण मन भरेना. तसबिरीच्या अगदी शेजारी दुधाचं कपाट होतं. त्यातल्या जिभेची वायर लांब होती. त्यानं कपाटाचं दार उघडलं, जीभ बाहेर काढली, रबराच्या फटीतून वायर ओढून घेतली आणि ती पाटावर, टेस्टरच्या बाजूला ठेवली. कापडानं पुसून तिला गंध लावलं. मग खिशातला मोबाईल काढला, कारण पेटी बोलते ती मोबाईलमधून. त्यालाही कुंकवाचं बोट लावलं आणि पाटावर ठेवला.

हात जोडले. शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी दसरा, दुकान बंद. तो शेवंतीला घेऊन देवीच्या पालखीला गेला. गर्दीत तिचा हात धरून चालला. आपट्याची पानं तिनं पदराला बांधून आणली.

इकडे बंद दुकानात जीभ पाटावर पडली होती. दुकानातली गरम हवा चाखत होती आणि पेटीला सांगत होती, कपाट गरम आहे. पेटीनं ऐकलं. कपाटाचं यंत्र सुरू केलं. जीभ पुन्हा म्हणाली, गरम आहे. पेटीनं यंत्र चालूच ठेवलं. नवमीच्या दुपारपासून दशमीचा अख्खा दिवस ते क्षणभरही थांबलं नाही. पेटीनं संदेशावर संदेश पाठवले, आणि ते देवासमोर कुंकू लावून ठेवलेल्या मोबाईलवर येत राहिले, त्याची बॅटरी संपेपर्यंत.

एकादशीला सकाळी शेटनी कपाट उघडलं आणि ओरडले, "कृष्णा! मरे, दुधाचे धोंडे जाले हे!"

पिशव्या दगडासारख्या. दह्याच्या कपांवर बर्फाची साय. कृष्णनाथानं पाटाकडे पाहिलं आणि काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मुकाट्यानं जीभ पुसून आत सोडली.

"किते जाला?" शेटनी विचारलं.

"पूजेक काढलेली. घालूक विसरलंय."

शेट हसून हसून खाली बसले. "तू पेटयेक पण प्रसाद देतलंय एक दिवस!"

कृष्णनाथही हसला. दूध-दही काढून टाकलं. वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा त्यानं खाली घेतला. आत शेवंतीच्या तीन बाटल्या. आतलं औषध पांढरं आणि घट्ट. त्यानं एक बाटली मुठीत धरली. हळूहळू आतलं पातळ झालं. दूध गोठून सुटलं की फाटतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ते दूध. हे औषध. औषधाला काय हवं? थंडी. ती तर आज मापापेक्षा जास्तच मिळाली होती. त्यानं डबा परत जागेवर ठेवला.

घरची बाटली त्याच दिवशी संपत होती. ह्या तिघींतली एक तो संध्याकाळी घेऊन गेला.

शेवंती बाटली नेहमी दोन्ही तळव्यांत घोळवून उजेडाला धरी. त्या दिवशी ती जनेलाच्या उजेडात जरा जास्त वेळ उभी राहिली.

"अवो, ह्यात कण दिसतत. फाटलेल्या दुधासारख्या."

कृष्णनाथ पाय धूत होता. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. "बरा घोळय. मिसळतला."

तिनं घोळवलं. आणि टोचून घेतलं.

तीन-चार दिवसांत तिला तहान लागू लागली. कळशी जवळ घेऊन बसू लागली. आठवड्यात चोळी खांद्यावरून उतरू लागली. आरोग्य केंद्रात साखर तपासली, तर आकडा कधी नव्हे इतका वर. डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन चुकलं का? नाही. कुठं ठेवता? कृष्णनाथानंच उत्तर दिलं, आणि अभिमानानं दिलं. "दुकानाच्या कपाटात. पेटी लक्ष ठेवते." डॉक्टरांनी मात्रा वाढवली आणि म्हणाले, सणाचे दिवस आहेत, तोंड सांभाळा.

बाहेर आल्यावर कृष्णनाथानं तिला विचारलं, "खालंस काय गे कायतरी?"

"मी गोड खावक नाय."

"शेजाऱ्यांनी दिलेला? इल्लासा तुकडो?"

"मी गोड खावक नाय म्हणतंय मां."

त्यानं मान हलवली.

मात्रा वाढली तशी बाटली लवकर संपली. त्यानं दुसरी आणून दिली. तीही त्याच डब्यातली.

दिवाळीला आठ दिवस असताना सुविधा आली. सुविधा त्यांची एकुलती लेक, डिचोलीला दिलेली. बाबांसाठी आणि आल्या-गेल्यासाठी तिनं नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा डबा आणला होता, फडक्यात बांधून वर तांबड्या दोऱ्यानं गाठ मारलेला. ती गाठ अबोलीच्या वळेसराची, आईनंच शिकवलेली. आईचे गाल बसलेले पाहून पोर घाबरली, आणि ती भीती तोंडावाटे रागानं बाहेर आली.

"आये, तू कितें चोरून खातां तें सांग पळोवया!"

"मी गोड खावक नाय गो."

"लबाड तू! लहान भुरग्यासारकी लबाड! दोतोर फट उलयतात?" मग ती बापाकडे वळली. "बाबा, हो डबो आरमारांत दवर आनी कुलूप घाल. गूळ, साखर, सगळें."

शेवंती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "घाल. कुलूप घाल. मगे तरी विश्वास बसतलो."

कृष्णनाथानं सगळं लाकडी कपाटात, त्या आरमारात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेच्या करगोट्याला बांधली. बायकोच्या डोळ्यांसमोर बांधली.

पुढचे चार दिवस तिनं जेवण घेतलं न घेतलं. पोट दुखतं म्हणाली, श्वास जोरात चालू लागला. एका सकाळी ती न्हाणीच्या दारात बसली ती उठलीच नाही. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिला शुद्ध राहिली नव्हती. मधे एकदाच डोळे उघडले. नर्सबाई सलाईन लावत होत्या. त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "मी गोड खावक नाय," आणि नर्सबाई मायेनं म्हणाल्या, "बरं बरं, आई." दिवाळीच्या तीन दिवस आधी ती गेली.

बाराव्याला आलेल्या बायका आपापसांत हळू आवाजात बोलत होत्या. बिचारी. जीभ आवरली नाही. सुविधानं ते ऐकलं. कृष्णनाथानंही ऐकलं.

तो पुन्हा कामावर आला. दुपारी एकला फ्रीजरवर वाकळी घालताना त्याचे हात टाक्यांवरून फिरत, एवढंच. घरी जेवायला जाणं त्यानं सोडलं. शटर खाली ओढून तो आतच बसे, चारपर्यंत.

पेटीला वर्ष झालं तेव्हा राजेश वर्षाचा हिशेब मांडायला आला. विजेच्या युनिटांचा. लॅपटॉप गल्ल्यावर ठेवून त्यानं कृष्णनाथाला हाक मारली. "काका, या. तुमची करामत बघा."

पडद्यावर एक रेघ होती. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, एकेका दिवसाला एक ठिपका. रेघ खाली खाली चालली होती, निजलेल्या माणसाच्या श्वासासारखी. फक्त एका जागी ती सुळक्यासारखी वर गेली होती.

"हे काय झालंतं वो?" राजेशनं बोट ठेवलं. "दुधाचं कपाट. दीड दिवस मशीन थांबलंच न्हाई. दुकान तर बंद."

शेट गल्ल्यावरून म्हणाले, "तो दसरो! सांग रे कृष्णा, पूजेची गजाल." आणि त्यांनीच सांगितली, हसत हसत.

राजेशही हसला. "बरं झालं काका, नुसतं दूध होतं. मागं एका औषधाच्या दुकानात असंच कपाट गोठलं. सगळं इन्सुलिन टाकून द्यावं लागलं त्यास्नी."

"कित्याक?" कृष्णनाथानं विचारलं.

"गोठलं की मेलं ते. आत कण धरतात. मग नुसतं पाणी टोचल्यासारखं."

कृष्णनाथ पुढं वाकला. पडद्यावरच्या सुळक्याकडे बघत राहिला. राजेशला वाटलं, म्हाताऱ्याला चूक लागली. तो म्हणाला, "मनावर घेऊ नका. हा एक दिवस आपण काढून टाकू. मशीनचा बिघाड म्हणून लिवतो. मग वर्षाची बचत बघा कशी झकास दिसतीया."

"काढू नको," कृष्णनाथ म्हणाला.

"अहो, कोण बघतंय?"

"काढू नको, राजेश. बिघाड मशीनचो न्हंय." त्यानं सुळक्यावर बोट ठेवलं. "माका हो कागद काढून दी. तारीख दिसाक होयी."

राजेशनं कागद छापून दिला. कृष्णनाथानं तो चार घड्या करून खिशात ठेवला. घड्याळात एक वाजत आला होता. त्यानं एक एक करून चारही वाकळी घातल्या. चौथी घालताना मात्र त्याचा हात शेवंतीच्या टाक्यांवर थांबला. तो फ्रीजरला धरून खाली बसला आणि वाकळीत तोंड खुपसलं. शेट आणि राजेश धावले. त्यांना वाटलं, छातीत दुखलं.

त्यानंतर खरं सांगायचं तर त्याला कुणी विचारणार नव्हतं. डॉक्टर विसरले होते, गाव विसरायला लागला होता. कागद चुलीत घातला असता तर शेवंती गोड खाऊन मेली, एवढंच उरलं असतं. ते सगळ्यांना सोयीचं होतं. लेकीलाही. आईचा दोष होता, असं म्हणून पोर कशीबशी उभी होती. हे सांगितलं तर उरला तो बापही तिच्याकडून जाईल, हे त्याला दिसत होतं. पण शेवंतीनं मरताना एकच वाक्य मागं ठेवलं होतं, आणि ते खोटं ठरून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं करगोट्याची किल्ली सोडून आरमार उघडलं. डबा होता तसाच होता. फडकं होतं तसंच. तांबड्या दोऱ्याची गाठ लेकीनं मारली होती तशीच. कुलूप घालताना त्यानं ती बघितलीसुद्धा नव्हती. डबा पिशवीत घालून तो कदंब बसनं म्हापशाला गेला आणि तिथून डिचोलीला.

सुविधा अंगणात धान वाळत घालत होती. बाप असा न सांगता आलेला बघून ती हात झाडत पुढं आली. "बाबा? बरो आसा न्ही?"

तो ओट्यावर बसला. पाणी नको म्हणाला. कागद उलगडून त्यानं ओट्यावर पसरला, वारा नेऊ नये म्हणून वर डबा ठेवला, आणि सुळक्यावर बोट ठेवून सगळं सांगितलं. पाट. जीभ. मोबाईल. दुधाचे धोंडे. मुठीत धरलेली बाटली. जनेलापाशी उभी राहून शेवंतीनं काय म्हटलं होतं, आणि पाय धुताना आपण काय म्हटलं होतं. काही वगळलं नाही. क्रमानं सांगितलं, एखादं यंत्र का बंद पडलं ते सांगावं तसं.

सुविधा उभीच होती. तिचं लक्ष डब्याच्या गाठीवर होतं.

"तुका केन्ना कळ्ळें?"

"काल."

"आनी ती तुका सांगताली. कण दिसतात म्हूण."

"होय."

तिनं डबा उचलला, मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली आणि गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. कृष्णनाथानं सवयीनं खिशातला टेस्टर काढून पुढं केला. तिनं तो झिडकारला. टेस्टर अंगणात धानात जाऊन पडला.

"हात लावं नाका! तुज्या हातान कितेंच लावं नाका!"

ती उठून आत गेली. दार तिनं लावलं नाही, पण तो आत गेला नाही. ऊन ओट्यावर चढत आलं. आतून तिचा आवाज येत होता, मधेच थांबत होता, पुन्हा येत होता. धानावर कोंबड्या आल्या. कृष्णनाथानं उठून त्या हाकलल्या, टेस्टर शोधून खिशात ठेवला आणि पुन्हा जागेवर बसला. परतीची बस निघून गेली असणार, हे त्याच्या लक्षात आलं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे सुजलेले. हातात पाण्याचा पेला. तो तिनं त्याच्या हातात दिला नाही, ओट्यावर त्याच्या बाजूला ठेवला.

"हांवें तिका लबाड म्हळें," ती म्हणाली. "शेवटाक तेंच म्हळें."

ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"तिणें खाल्लें ना, बाबा."

"नाय," तो म्हणाला. "तिना गोड खाल्ल्यान नाय."

सुविधानं कागदाकडे पाहिलं. वाऱ्यानं तो ओट्याच्या कडेला गेला होता. तिनं तो उचलला, बापाच्या घड्यांवरूनच नीट दुमडला आणि आत घेऊन गेली.